मोऱ्याच्या खांद्याचं हाड

आधीच सांगतो, भूतबित ऐकलं की मला हसू येतं. मी लातूरला चित्रकलेचा शिक्षक. फावल्या वेळात मेलेल्या जनावरांच्या हाडांतून वीतभर मूर्ती कोरतो… म्हणजे घाबरणाऱ्यातला नाहीच.

उन्हाळ्यात भोकरजवळ मामांच्या शेतात शेततळ्यासाठी जेसीबी लावला होता. तिथंच कडेला मामांचा बैल मोऱ्या पुरलेला. मामा चहा आणायला घरी गेले आणि नेमकं खांद्याचं पसरट हाड वर आलं — गुळगुळीत, अखंड. कोरायला असं हाड शोधून मिळत नाही! ते पिशवीत टाकलं, बाकीच्यावर माती लोटली. मामा आले तसं म्हणालो, "मोऱ्याला धक्का न्हाई लागला." मामांनी मातीला हात लावून डोळे पुसले. मला लाज वाटली, पण हाड काही परत ठेवलं नाही.

लातूरला दोन महिने ते भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात ठेवलं. उकळायचं नसतं, चरबी आत मुरते. दर आठवड्याला पाणी बदललं, शेवटी पेरॉक्साइडनं पांढरंशुभ्र केलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत ठेवलं, कुलूप लावून शाळेत गेलो. बायको माहेरी होती.

साडेपाचला परत आलो. कुलूप जसंच्या तसं. हाडावर मात्र हळद-तूप चोळलेलं! ओलं… कोमट. बोटं स्पष्ट उमटलेली, आणि मधल्या बोटाची जागा कोरी. मामांचं मधलं बोट कडबाकुट्टीत गेलंय.

कसाबसा फोन लावला. मामा म्हणाले, "खांदेमळणी करून राहिलो रे. बैलांचे खांदे मळले… आन् आत्ताच मोऱ्याच्या जागंवर बी हळद-तूप चोळलं. काय झालं, बोल की?"

मी फोन ठेवून दिला.

पोळ्याला पहाटेची एसटी धरली. मामांच्या हातात हाड दिलं, सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. हाड पाटावर ठेवलं, पुढं पुरणपोळीचं ताट वाढलं.

"काल जेवायचं आवतण दिलतं त्याला," मामीला म्हणाले. "आला बघ."

आमचे विज्ञानाचे सर म्हणतात, आत उरलेली चरबी उन्हानं वर आली असेल. असेलही… मग तुपाचा वास? ती बोटं?

त्या दिवशी मामांनी हाड परत जागेवर पुरलं, हात धुतले आणि पंगतीला बसले. मी दारातच उभा होतो. मला कुणी जेव म्हटलं नाही.