वस्तादांना केबिन दिली त्याची गोष्ट

लिफ्टदुरुस्तीच्या त्या छोट्या दुकानात मालकिणीला सगळे बाई म्हणत आणि सगळ्यात मुरलेल्या कारागिराला वस्ताद. वस्तादांनी लिफ्टच्या दाराला कान लावला की माणसं बोलायची थांबत. "वरचं चाक घासतंय," म्हणाले, की घासतच असे!

असा माणूस कोणाला नको? एक मोठी कंपनी त्यांच्या मागे हात धुऊन लागली. बाईंचं धाबं दणाणलं. चांगले कारागीर आधीच तिकडे गेले होते. वस्तादही गेले तर दुकानात उरणार काय, पाटी? मग बाईंनी वस्तादांना बढती दिली. काचेची केबिन, फिरती खुर्ची, वाढीव पगार. "आता तुम्ही नुसते हुकूम सोडायचे," त्या खुशीत म्हणाल्या.

झालं! वस्तादांचा चेहरा पार उतरला. फोनवर खेकसायचे, जेवणाच्या सुट्टीत गुपचूप एखादी बिघडलेली मोटर उघडून बसायचे. शेवटी एका सकाळी बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, मी जातो. तिकडे निदान लिफ्टला हात तरी लावायला मिळेल."

बाई भडकल्याच. "अहो, डोक्यावर बसवलं तुम्हाला, आणि त्याचं हे?"

"बसवलंत हो. पण माझं काम काढून घेतलंत ना!"

बाईंनी त्या काचेच्या केबिनकडे पाहिलं. खरंच की! ज्या हातांसाठी एवढा आटापिटा केला, तेच आपण बांधून ठेवले. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. पगार तोच ठेवला, फोन स्वतःकडे घेतला आणि हत्यारांची पिशवी वस्तादांच्या खांद्याला अडकवली. शिवाय नियम केला: अवघड लिफ्ट वस्तादांची, आणि ते कामात असताना मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. बाईंनीसुद्धा नाही.

पुढे एकदा बाई काम बघायला गेल्या असताना त्याच मोठ्या कंपनीचा साहेब थेट तिथेच येऊन धडकला. वस्ताद लिफ्टखालच्या खड्ड्यात होते. साहेब वाकून म्हणाला, "वस्ताद, या आमच्याकडे. मोठी केबिन देतो, हाताखाली माणसं देतो."

 ओठांवर आलेलं सगळं बाईंनी गिळलं. नियम त्यांचाच होता.

"केबिन भोगून झाली हो एकदा माझी!" खड्ड्यातून आवाज आला. "बाई, तो दिवा जरा इकडे धरा बघू."

साहेबाच्या देखत मालकीण गुडघ्यांवर बसली, दिवा खाली धरला, आणि अभिमानानं तिला रडूच फुटलं.