आमच्या फॅक्टरीतला एकुलता एक लॅपटॉप

एकाच फॅक्टरीत माणूस अकरा वर्षं टिकला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. यार्नच्या मशीनखाली तुटक्या धाग्यांचं वेस्ट साचतं ना, तसे ते आपोआप साचतात. माझ्याकडे तर एकट्या लॅपटॉपचाच एवढा ढीग आहे, की चार जण चहाला बसले की मीच सुरू होतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी तेव्हा जळत होतो. चांगला धगधगून जळत होतो. उगाच मोठ्या मनाचा आव आणणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिल्वासाजवळ मसाटला आमची फॅक्टरी. मी मूळ धुळ्याचा, मेन्टेनन्सला इलेक्ट्रिकल सुपरवायझर. सगळे मला नाना म्हणायचे. कंपनीचं नवीन युनिट राखोलीला निघणार होतं आणि तिथे असिस्टंट मॅनेजरची जागा होती एकच. ती आपलीच, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं.

तेवढ्यात मुंबईच्या हेड ऑफिसने एक लॅपटॉप पाठवला. आमचे मॅनेजर मेहतासाहेब, गुजराती. त्यांनी तो कुणाला द्यावा? शिरीषला! प्लॅनिंगमधला शिरीष, मुंबईचा, माझ्यानंतर सात वर्षांनी लागलेला.

"साहेब, वस्तू विजेची आणि देताय प्लॅनिंगला?" मी विचारलं.

"नाना, तुमच्याकडे अख्खं सबस्टेशन आहे ने. एक लॅपटॉप त्याला राहू द्या ने."

* * *

पहिल्याच दिवशी घोटाळा. चार्जरची पिन परदेशी, चपटी. आपल्या सॉकेटमध्ये जाईना. शिरीष माझ्याकडे आला. "नाना, जरा बघता का?"

दहा मिनिटांचं काम. वायर कापायची, आपला थ्री-पिन लावायचा, संपलं. मी चष्मा लावून ती पिन उलटसुलट बघितली आणि म्हटलं, "इम्पोर्टेड आहे. तीन दिवस तरी लागतील."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर लॅपटॉप मजेत चार्ज होतोय. पठ्ठ्या आदल्या संध्याकाळी वापीला जाऊन कन्व्हर्टर पिन घेऊन आला होता. वर मला म्हणतो, "तुम्हाला किती कामं असतात नाना, म्हटलं कशाला त्रास द्यायचा."

* * *

मग तक्रार आली की बॅटरी भरतच नाही. शिरीष सकाळभर लॅपटॉप घेऊन मशीनमशीनवर फिरायचा, दुपारी एकला चार्जिंगला लावून जेवायला जायचा आणि दोनला येऊन बघायचा, तर बॅटरी जिथल्या तिथे. संध्याकाळी सहाला लावून घरी गेला तरी सकाळी तेच. चार्जर बदलून मागवला, तरी तेच.

आता आतली गोष्ट सांगतो. वीज वाचवायची म्हणून मेहतासाहेबांचा नियम होता. एक ते दोन जेवणाची सुट्टी, तेवढा वेळ ऑफिसचा मेन स्विच बंद. संध्याकाळी सहाला पुन्हा बंद. आणि तो मेन ओढायचं काम माझ्याकडे.

पंधरा दिवस मी एकला मेन ओढत होतो आणि दोनला शिरीषच्या टेबलापाशी जाऊन विचारत होतो, "आजही नाही भरली? अरेरे."

शेवटी आमचा फोर्कलिफ्टवाला काशिनाथ सगळ्यांसमोर बोलून गेला, "नाना, तुम्ही तर मेन बंद करू राहिले ना. मग ती भरेल कशी?"

मेहतासाहेबांनी लगेच ऑर्डर काढली. लॅपटॉपसाठी वेगळी लाइन, कधीच बंद न होणारी. ती ओढली कोणी? मीच. माझ्या टेबलावर तेव्हा साधा पंखाही नव्हता.

* * *

शिरीष आमच्याच कॉलनीत राहायचा. शनिवारी लॅपटॉप घरी आणायचा आणि गॅलरीत मांडीवर घेऊन बसायचा. आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, शिरीषभाऊजी बघा, मांडीवर घेऊन काम करतात."

"मीही करतो."

"तुमच्या मांडीवर मी आजपर्यंत फक्त आपला मिक्सर बघितलाय."

एका रविवारी त्याच्याकडून बोलावणं आलं. चार्जर अर्ध्या तासात गरम होऊन बंद पडतोय. मी गेलो, तर चार्जरला लाल मखमलीचं कव्हर, आत कापूस, वर नाडी. शिरीषच्या आईने शिवलेलं. "एवढी महागाची वस्तू, धूळ नको बसायला," त्या म्हणाल्या.

मी नाडी सोडली, कव्हर काढलं, चार्जर उघड्या फरशीवर ठेवला. झाला सुरू. त्यांनी मला पोहे दिले, पण कव्हर उराशी धरून.

सोमवारी शिरीष अख्ख्या ऑफिसला सांगत सुटला, "नाना म्हणजे नाना, एका मिनिटात दुरुस्त केलं." या माणसाचा धड रागही करता येत नव्हता, याचाच मला जास्त राग यायचा.

* * *

त्यानंतर मेहतासाहेबांनी बॅटरीची जबाबदारी माझ्याकडे दिली. म्हटलं, आला आपला दिवस. बॅटरीतलं मला कोण शिकवणार? फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या मी सांभाळलेल्या. तिथे नियम एकच, बॅटरी उतरू द्यायची नाही. मी शिरीषला ठणकावून सांगितलं, "चोवीस तास चार्जिंगला. जरा वापरलीस की परत लाव. रिकामी होता कामा नये."

त्याने देवाज्ञेसारखं पाळलं. चार महिन्यांत दोन तास चालणारी बॅटरी दहा मिनिटांवर आली.

शिरीषने मुंबईच्या इंजिनिअरला फोन लावला तर तो म्हणाला, ही जात वेगळी. हिला अधूनमधून पूर्ण उतरवायची आणि मगच भरायची. सारखी चार्जिंगला ठेवली की मरते. शिरीषने मला बाजूला घेऊन हळूच हे सांगितलं, कुणाला कळणार नाही असं.

मी म्हटलं, "तुझ्या बॅटरीतच दम नाही." घरी जाऊन मात्र जेवण गेलं नाही.

* * *

आणि नेमके त्याच आठवड्यात मुंबईहून मोठे साहेब आले, राखोलीचा माणूस ठरवायला. नदीकडच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही सगळे उभे. वीज कुठली तिथे, नुसतं गवत. शिरीषने जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला, नव्या युनिटचा प्लॅन दाखवायला लागला आणि तिसऱ्या मिनिटाला स्क्रीन काळी.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "ही बॅटरी कोण सांभाळतं?"

मेहतासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी गवताकडे बघितलं.

शिरीष म्हणाला, "लॅपटॉप माझ्याकडे असतो, सर. चूक माझी."

मोठे साहेब त्याच्याकडे कौतुकाने बघायला लागले. लॅपटॉप याला, लाइन याला, आता चूकही याच्याच नावावर? मी ताडकन पुढे झालो.

"नाही सर, चूक माझी आहे. चोवीस तास चार्जिंगला ठेव, असं मीच सांगितलं होतं. याला बॅटरीतलं काहीसुद्धा कळत नाही."

मोठे साहेब मेहतासाहेबांकडे वळले. म्हणाले, "अकरा वर्षं जुना माणूस या पोरासाठी सगळं स्वतःवर घेतोय. राखोलीला मला असाच माणूस पाहिजे, ज्याच्यासाठी बाकीचे पुढे होतात. शिरीषचं नाव लिहा."

परत येताना जीपमध्ये शिरीष माझ्या शेजारी बसला होता. डोळे भरलेले. माझा हात घट्ट धरून म्हणाला, "नाना, माझ्यासाठी एवढं कुणीच केलं नसतं."

मी म्हटलं, "असू दे रे."