हवेत काका, हातात चहा

हायड्रॉलिक तेलाचा वास आला की मला मालेगावच्या गॅरेजात हवेत लटकलेले काका दिसतात. आमच्या द्राक्षबागेतला जुना छोटा ट्रॅक्टर काकूच चालवायची. औजार उचलायचा दांडा हाताने ओढून तिचा खांदा गेला, तेव्हा काकांनी ड्रायव्हर ठेवायचं ठरवलं. काकू मात्र काकांना घेऊन, औजार आपोआप उचलणारी नवी लिफ्ट निवडायला मालेगावला निघाली. गॅरेजातल्या मिस्त्रीने विजेची आणि हायड्रॉलिक तेलाची, दोन्ही ट्रॅक्टरला जोडून दाखवल्या. काकूने औजाराच्या जागी फळी बांधून त्यावर चहा पिणाऱ्या काकांनाच बसवलं! विजेची नुसतीच कण्हली. तेलाच्या लिफ्टने त्यांना असं अलगद वर नेलं, की चहाचा थेंब सांडला नाही. "हीच बसवा," काकू म्हणाली. "अगं, मला उतरव की!" "आधी सांगा, ट्रॅक्टर कोण चालवणार?" "तूच, माझे आई!" आजही तीच चालवते, बांधावर चहा घेऊन काका उभे असतात.