गुपचूप पाढे

डिलाईल रोडला आमच्या चाळीतल्या खोलीत मी दहावीच्या मुलांचा गणिताचा क्लास घेतो. माझ्या हाताखालून गेलेला मुलगा गणितात सहसा नापास होत नाही, अशी ख्याती आहे, आणि ती पसरवण्यात माझाही हातभार आहे. अशा माणसाची एकुलती एक लेक परीक्षा नसलेल्या शाळेत जाते. पालक विचारायचे, "सर, मुलगी कुठल्या शाळेत?" मी म्हणायचो, "दादरला," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत त्यांच्या मुलाच्या भूमितीवर घसरायचो.

शाळा बायकोने निवडली होती. जुन्या बंगल्याचा तळमजला, गणवेश नाही, बाक नाहीत, बाईंना ताई म्हणायचं आणि अरे-तुरे करायचं. पहिल्या दिवशी सोडायला गेलो तर मुलं अंगण झाडत होती. एकाने माझ्या लेकीच्या हातात झाडू दिला आणि आमच्या बाईसाहेब खूश! मला टाटा करायचंही तिला सुचलं नाही. घरी आल्यावर आईला हे सांगितलं. ती मालवणची, तिला गोड बोलून वेळ मारून नेता येत नाही. म्हणाली, "झाडू मारूक शाळा कित्याक होयी?" मी शाळेची बाजू घेतली नाही. मला तिचंच पटत होतं.

पुढे पाढ्यांचं नावही कुणी काढेना. मुलं चिंचोके मोजायची, वाटायची, विस्कटायची, पुन्हा मोजायची. माझे बाबा मिलमध्ये होते. पहिल्या पाळीला निघायच्या आधी ते मला उठवून पाढे म्हणून घ्यायचे, अगदी पावकी-निमकीसकट. पाढा झाल्याशिवाय चहा नाही. त्यांच्या नातीला बेचा पाढा येऊ नये हे मला सहन होईना. सकाळी बायको अंघोळीला गेली की मी लेकीला खिडकीत बसवायला लागलो. पोरगी हुशार, चटाचट पाठ करायची. मुलांकडून घरी घोकून घेऊ नका, असं ताईने आम्हा पालकांना आधीच बजावलं होतं. म्हणून मी लेकीला सांगून ठेवलं, "हे आपलं गुपित हां. शाळेत बोलायचं नाही, आईलाही नाही. नाहीतर ताई बाबाला ओरडेल." ओरडण्याचं मी हसत म्हटलं होतं.

त्यानंतर लेक हळूहळू गप्प व्हायला लागली. आधी शाळेतून आली की तिची टकळी थांबायची नाही. आता काय केलंस विचारलं तर "काही नाही" म्हणायची आणि तोंडावर हात ठेवायची. बायको काळजीत पडली. मला मात्र, लाज वाटते लिहायला, आतून बरं वाटलं. "बघ, तुझ्या शाळेने बोलक्या पोरीला मुकं केलं," मी म्हणालो. परळच्या एका चांगल्या शाळेत जागा मिळेल का, याची चौकशीही करून ठेवली. शेवटी बायको म्हणाली, "एकदा ताईला भेट. मग तू म्हणशील तसं."

म्हणजे लेकीला काढायचंच, एवढं ठरवून मी गेलो. ताईपुढे माझी तक्रार सरांच्या आवाजात मांडली. तिने शांतपणे ऐकलं. "इथेही ती बोलत नाही. का, ते आम्हालाही कळत नाहीये. आज वर्गात बसता का?"

मी मागे सतरंजीवर मांडी घालून बसलो. सात मुलांना सहा-सहा चिंचोके द्यायचे तर किती लागतील, असा खेळ चालला होता. कुणी ढीग करत होतं, दोघांची मारामारी जुंपली होती. माझी लेक एका बाजूला बसली होती. ओठ हलत होते आणि त्यांच्यावर हात होता. ताई तिच्याजवळ जाऊन बसली.

"तुला नाही खेळायचं?"

लेकीने मान हलवली.

"का गं?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मला येतं," ती पुटपुटली. "पण मी खेळले की तोंडातून पाढा निघेल. मग तू बाबाला ओरडशील."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि डोळे भरून आले. "सॉरी बाबा," ती हातांआडून म्हणाली. "चुकून सांगितलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे दिवस ती शाळेला घाबरून गप्प नव्हती. मला कुणी बोलू नये म्हणून गप्प होती. आणि त्याच गप्प बसण्याचा पुरावा करून मी तिला तिथून काढायला आलो होतो. परळचं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही.

"तुझं काही चुकलं नाही," मी कसंबसं म्हणालो. "माझं चुकलं. तू बोल, काय वाटेल ते बोल."

तिने ताईला विचारलं, "मग आता ओरडणार त्याला?"

"नाही गं," ताई म्हणाली.

लेकीला ते काही खरं वाटलं नाही. ती उठली, चिंचोक्यांमधून वाट काढत आली आणि ताईकडे तोंड करून माझ्या मांडीत बसली. वर्ग सुटेपर्यंत तिथून हलली नाही.