फेणीच्या कापसाने थांबलेलं दुखणं

मंडळी, आत्ताच डिचोलीहून दाताच्या डॉक्टरकडून आलो. अर्धा जबडा अजून बधिर आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी खालची दाढ ठणकायची. आई म्हणाली, "फेणीचो कापूस धर रे बाबू, बरा वाटतला." फेणी या दारूत बुडवलेला बोळा दाढेत धरला. महिन्याभरात दुखणं पार गेलं आणि मी शहाण्यासारखा तो उपाय याच ग्रुपवर टाकला.

आज एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाढ बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती. मुळांची टोकं खराब झालीत. रूट कॅनाल करते, पण दाढ वाचेल असं वाटत नाही."

तो उपाय टाकला तेव्हा तुमच्यापैकी चौघांनी 'दुखणं गेलं' म्हणून माझे आभार मानले होते.

तुमचं अजूनही दुखत नाही का?