हलगीच्या गजरात शांत बालपण

बालमनावरच्या जखमा केवळ प्रेमानेच भरून येतात, असं आमच्या बालगृहातल्या नव्या समुपदेशन कक्षाच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. दाराला कुलूप होतं. उद्घाटन होईपर्यंत आतल्या सोफ्याचं प्लॅस्टिक काढायचं नाही, असा अध्यक्षांचा हुकूम होता. त्यामुळे मी, म्हणजे त्या कक्षाची समुपदेशक, मुलींशी जिन्यात बसून बोलत होते.

त्या दिवशी जिन्यात माझ्यासमोर अधीक्षिका शिंदेबाई उभ्या होत्या. हातात उशी. उशीच्या अभ्र्यात साडेतीन भाकऱ्या, त्यातल्या एकीवर बुरशी.

"मॅडम, ही तुमची नंदा. तिसऱ्यांदा सापडली. चोरीच हाय की ही."

नंदा हे नाव मी इथे बदलून दिलेलं आहे. मुलगी नऊ वर्षांची, चंदगडकडची. तिच्या लहानपणाबद्दल इथे एवढंच सांगते, की घरातली मोठी माणसं दोन-दोन दिवस गायब असायची आणि दाराला बाहेरून कडी असायची. आमच्याकडे येण्याआधी तिची दोन बालगृहं झाली होती. आता संस्थेच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात तिला पाठवायचा अर्ज शिंदेबाईंनी लिहून ठेवला होता. कारण : 'वर्तन समस्या'.

आमच्या क्षेत्रात याला ट्रॉमा म्हणतात. त्यावर जाड पुस्तकं आहेत. थोडक्यात सांगायचं तर, उपाशी राहिलेल्या मुलाचं पोट भरलं तरी त्याचा उद्यावर विश्वास बसत नाही. म्हणून ते साठवतं. त्याला चोर म्हटलं की ते साठवायचं थांबत नाही, फक्त लपवायला जास्त चांगली जागा शोधतं.

"मग करायचं काय?" बाईंनी विचारलं.

"तिला झाकणाचा डबा द्या. त्यात रोज ताजी भाकरी. तिच्या हक्काची. कुणी काही विचारायचं नाही."

"म्हंजे चोरीला परवानगी!"

"मुंग्या तरी येणार नाहीत."

मुंग्यांचा मुद्दा त्यांना पटला. एक महिन्याची मुदत मिळाली.

स्वयंपाकाच्या शेवंतामावशींनी स्टीलचा डबा काढून दिला. नंदा दिवसातून सात-आठ वेळा झाकण उघडून बघायची. भाकरी आहे. झाकण बंद. आमच्या पुस्तकांत याला सुरक्षिततेची पुनर्बांधणी म्हणतात. मावशी म्हणायच्या, "बघू दे की. बघून भाकरी कमी हुती व्हय?"

पहिले तीन आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यात उद्घाटन आलं.

आमचे अध्यक्ष अण्णा यांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. मूल म्हणजे लोखंडाचा रस, साच्यात ओतला की झालं, असं त्यांचं बालमानसशास्त्र. माणूस वाईट नाही. मीटिंगमध्ये त्यांना एकच काळजी होती : पुण्याहून येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

"त्या भाकरीवाल्या पोरीला स्टेजवर घ्या. तिची कहाणी तिनंच सांगू दे."

"अण्णा, मुलीची ओळख उघड करायची नाही, असा कायदा आहे."

"मग तोंडाला रुमाल बांधूया."

मला वाटलं चेष्टा करताहेत. करत नव्हते. शेवटी सगळ्या मुलींच्या स्वागतगीतावर तडजोड झाली. मग हलगीचा विषय निघाला.

"हलगी नको," मी म्हटलं. "मोठा आवाज झाला की यातल्या काही मुली लपून बसतात. काहींचं अंथरूण ओलं होतं."

"पावणं येणार आन् नुसत्या टाळ्या? कोल्हापूर हाय मॅडम हे!"

"कार्यक्रमाचा विषय काय आहे?"

अण्णांनी खिशातली पत्रिका काढून बघितली. "शांत बालपण."

"मग?"

"म्हणूनच दोनच हलग्या सांगितल्यात."

प्रत्यक्षात चार आल्या. पाहुणे आले, फेटे बांधले गेले, हलगी कडाडली, आणि स्वागतगीताच्या रांगेतून दोन मुली नाहीशा झाल्या. एक नंदा. दुसरी आठवड्यापूर्वीच आलेली, सहा वर्षांची.

शिंदेबाई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल. "पळाली! बारकीला बी घिऊन गेली. आता काय बोलू नका मॅडम, अर्ज आजच जाणार."

आम्ही गेट बघितलं, बाथरूम बघितलं, गच्ची बघितली. स्टेजवरून पाहुणे सांगत होते, की मुलांची न बोललेली भाषा ऐकायला शिका. माइक शिट्टी मारत होता.

दोघी स्वयंपाकघरात सापडल्या, पिठाच्या पिंपामागे. धाकटीने कान गच्च दाबून धरले होते. नंदाच्या मांडीवर डबा उघडा होता. ती भाकरीचा तुकडा मोडून धाकटीच्या तोंडात घालत होती.

"खा. ते थांबतंय थोड्या येळानं."

"तुझी संपंल की," धाकटी म्हणाली.

"संपू दे. उद्या मावशी दुसरी देती."

मी मागे वळून पाहिलं. शिंदेबाई नव्या साडीनिशी तिथेच फरशीवर बसल्या.

"मला बी दे की गं तुकडा. सकाळधरनं काय खाल्लं न्हाय."

नंदाने बराच विचार केला आणि त्यातल्या त्यात लहान तुकडा दिला.

बाहेर फीत कापली गेली. पाहुणे सोफ्यावर बसले, प्लॅस्टिकसकट. त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं, पण तोपर्यंत फोटोग्राफर जेवायला गेला होता. या सगळ्यातून मी एवढंच शिकले, की उद्या भाकरी मिळणार हे मुलाला भाषणातून कळत नाही. त्यासाठी बरेच दिवस रोज भाकरी द्यावी लागते.

बाईंनी बदलीचा अर्ज मागे घेतला. न पाठवलेला अर्ज मागे घ्यायलाही संस्थेचा एक फॉर्म आहे. त्यात 'सुधारणेचा पुरावा' या रकान्यात त्यांनी लिहिलं : 'भाकरी वाटून खाल्ली.' दहा दिवसांनी फॉर्म संस्थेच्या ऑफिसातून शेरा मारून परत आला : 'संख्या नमूद करावी.'

बाईंनी 'अर्धी' असं लिहिलं. मंजूर झालं.