मनकर्णाचा काळा दात

दुष्काळाच्या साली नांदूरघाटच्या छावणीत चारा टाकताना म्हशीनं मुंडकं झटकलं आणि मनकर्णाच्या समोरच्या दाताला जबर मार बसला. आत पू झाला. परळीच्या डॉक्टरनं दाताच्या मुळात अँटिबायोटिकचं मलम भरलं आणि महिन्यानं ते काढायला बोलावलं. पण छावणीतली जनावरं कुणाच्या गळ्यात मारून जायचं? ती गेली पाच महिन्यांनी. दात वाचला, पण त्या मलमानं आतून काळा पडला.

झालं, टपलेल्यांना निमित्त मिळालं. मनकर्णा दूध सोसायटीत दूध तपासायची. कॅनमधलं चमचाभर दूध जिभेवर धरलं की नासायला लागलेलं तिला तिथंच कळायचं. आणि सोसायटीचा नियम असा, की तंबाखू खाणाऱ्यानं दूध चाखायचं नाही. चेअरमन मोहनरावाला तिच्या जागी भाचा चिकटवायचा होता. त्यानं बाई गुटखा खाते म्हणून उठवलं. रविवारच्या मीटिंगला दात पांढरा करून ये, नाहीतर घरी बस, असा निरोप धाडला.

आणि सांगणारा कोण, तर ज्याच्या गालातला तंबाखूचा बार झोपेतसुद्धा हलत नाही तो! निवडणुकीच्या फ्लेक्सवर झळकायचं म्हणून या बहाद्दरानं लातूरला जाऊन बत्तीशी पांढरीफेक करून आणली होती. इकडं टँकरपुढं बाया घागरी घेऊन भांडतायत, आणि हा गाडीच्या आरशात दात बघतोय. लाज कोळून प्यालेला माणूस.

मनकर्णा परळीला गेली. डॉक्टर म्हणाले, रंग आतला आहे, वरून घासून जायचा नाही. मागून दात उघडून आत पांढरं करायचं औषध ठेवावं लागेल, चार खेपा तरी होतील. रविवारपर्यंत एकच खेप झाली. काळ्याचा राखाडी झाला, एवढंच.

मीटिंगला मोहनरावानं तिला सगळ्यांदेखत तोंड उघडायला लावलं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं. मग तिनं सकाळी चाखून बाजूला काढलेल्या कॅनमधलं पेलाभर दूध त्याच्यापुढं धरलं.

"तुमीच चाखून सांगा, कसं हाय?"

त्यानं घोट घेतला, मिटक्या मारल्या. "झकास हाय."

मनकर्णानं त्याच कॅनमधलं दूध चहाच्या स्टोवर ठेवलं. सगळे बघत राहिले. उकळी फुटायच्या आत दूध फाटलं, गाठी वर आल्या. तिनं कॅन फिरवून त्याच्यावरचं नाव दाखवलं. मोहनरावाच्याच घरचा कॅन होता.

चेअरमन उन्हाळ्याच्या नावानं काहीतरी पुटपुटायला लागला.

"चेअरमन सायब," मनकर्णा म्हणाली, "माझा दात औषधानं काळा पडला. तुमची जीभ कशानं मेली?"

मागं बसलेला भाचा हळूच उठून चपला शोधायला लागला.